प्रभुभोजनाला नेलेला फोन

मुलगी कॅनडाला गेली तेव्हापासून माझं प्रार्थनेत लक्षच लागेना. डोळे मिटून ‘हे स्वर्गीय पित्या’ एवढं म्हणेपर्यंत मन तिच्या खोलीत जाऊन पोचायचं. तिनं काही गरम खाल्लं असेल का, की आजही ब्रेडवरच भागवलं असेल? प्रार्थना संपायची आणि मी देवाशी काय बोलले ते मला आठवायचं नाही. तो ऐकतोय की नाही, अशी शंका मात्र हमखास यायची. मी तरी बोलतेय का, हे स्वतःला विचारायचं सुचलं नाही.

तिचे पप्पा वारल्यावर नाशिकच्या या घरात आम्ही दोघीच उरलो होतो. ती गेली आणि घर खायला उठलं. तिला बोलायला सवड मिळायची ती शनिवारी रात्री, आणि तिची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ, नेमकी उपासनेची वेळ. आधी मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसू लागले. मग फोन थरथरला की उपदेश अर्धा टाकून आवारातल्या चिंचेखाली जाऊ लागले. मंडळीतल्या बायका हसून म्हणायच्या, आल्या वाटतं कॅनडाबाई. मलाही त्यात गंमत वाटायची. संडे स्कूलच्या मुलांना ‘माझ्याशिवाय तुला दुसरे देव नसोत’ ही पहिली आज्ञा शिकवणारी मीच. देवाच्या जागी आपण काय काय बसवतो, असं विचारलं की मुलं पैसा म्हणायची, क्रिकेट म्हणायची, आणि मी शाबासकी द्यायचे. आमच्या शेजारच्या काकू पूजेला बसल्या की त्यांचा फोन वाजून वाजून बंद होतो, त्या उठत नाहीत. घरात मूर्ती नाही याचा थोडा तोरा मला होता, पण काकूंसारखं बसून राहणं मला जमत नव्हतं.

गेल्या थंडीत तिचे फोन थांबले. एक रविवार गेला, दुसरा गेला. मेसेज केला की तेवढंच उत्तर, बिझी आहे, नंतर बोलू. आईला असल्या उत्तरातलं खोटं लगेच कळतं. माझी झोप उडाली. ती आजारी आहे, की कुणी फसवलं, की माझाच कंटाळा आला? देवाकडे एकच मागणं चालू होतं, तिचा आवाज ऐकव.

त्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजन होतं, प्रभू येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. माझ्या रांगेची पाळी आली तेव्हा पर्स बाकावर ठेवली, पण फोन काही ठेववेना. तो मुठीत धरूनच मी पुढे गेले आणि वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले. आमच्याकडे भाकर घ्यायला डाव्या हातावर उजवा हात ठेवून ओंजळ पुढे करतात. लहानपणापासून इतक्या वेळा केलेली गोष्ट, पण त्या दिवशी पाळकसाहेब भाकर घेऊन समोर उभे राहिले आणि माझ्या उजव्या हातात फोन. मी तो मांडीवर ठेवू पाहिला, तो घसरला. डाव्या हातात घेतला, तर ओंजळ होईना. पाळकसाहेब रागावले नाहीत, पुढेही गेले नाहीत. भाकर धरून नुसते थांबले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

माझ्या शेजारी एक म्हातारी बाई गुडघे टेकून होत्या. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, चेहरा कधी न पाहिलेला. त्यांचं भाकर आणि द्राक्षारस घेऊन झालं होतं. त्यांनी हात पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, “आण हिकडं बाई, मी धरते. तू घे.”

मी फोन दिला खरा, पण बोटं लवकर सुटेनात. मग हात रिकामे झाले, ओंजळ झाली, भाकर तळहातावर आली आणि मला रडू कोसळलं. मला माझी लेक हवी आहे, एवढंच मी देवाला म्हणाले. आणि त्याच्यामागून, न ठरवता, दुसरं वाक्य आलं: मला तूही हवा होतास, किती दिवसांत मी तुझ्याकडे आलेच नाही. किती तरी वर्षांनी मी त्याच्याशी खरंच बोलले. कठड्यापासून उठायला नको वाटत होतं.

बाकावर परत आले तर त्या बाई कुठे दिसेनात. फोन गेला, असंच आधी मनात आलं. धावत बाहेर जावंसं वाटलं, पण मंडळी गात होती आणि त्या गाण्यातून उठणं मला जमेना. उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत मी बसून राहिले.

बाहेर व्हरांड्यात त्या बाई फोन दोन्ही हातांनी तोंडासमोर धरून कुणाशी तरी बोलत होत्या. त्या सुरगाण्याकडच्या. जावई इथल्या दवाखान्यात होता, रविवार आहे म्हणून चर्च विचारत विचारत आलेल्या. मला पाहून म्हणाल्या, “तुझी पोर हाय. फोन थरथराया लागला म्हून भाईर आले. लय घाबरली व्हती, आई कुठं हाय इचारत व्हती. मंग दारातून तुला दाखवली.”

पडद्यावर माझी लेक होती, डोळे सुजलेले. ती म्हणाली, “मम्मी, माझी नोकरी गेली गं. तुला सांगायची हिंमत होत नव्हती. तुझं सगळं माझ्यावरच आहे, मी पडले तर तू पण पडशील असं वाटायचं. आज तुला पाठमोरी बघितलं, गुडघ्यांवर. तुला माझ्याशिवाय कोणीतरी आहे, हे बघून मला इतकं बरं वाटलं.”

मी तिला काय बोलले ते आता आठवत नाही. आम्ही दोघी रडलो, आणि त्या बाई लुगड्याच्या पदरानं माझं तोंड पुसत राहिल्या. त्यांचं नाव मी विचारलंच नाही. पुढच्या रविवारी शोधलं, पण त्या आल्या नव्हत्या. या सगळ्याला काय म्हणायचं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला इतकंच कळलं की मी माझ्या लेकीला देवाच्या जागी बसवलं होतं. दिवस तिच्यापासून सुरू, तिच्यापाशी संपणार, जगायचं कारणही तीच. जो भार देवानंच पेलावा तो मी परदेशात एकट्या राहणाऱ्या पोरीच्या खांद्यावर दिला आणि त्याला माया म्हणत राहिले. तिला श्वास घ्यायला जागा मिळावी म्हणून त्या दयाळू बापानं आधी माझे हात रिकामे केले. त्याचे उपकार मी कसे फेडू?

तिला आता दुसरी, थोडी हलकी नोकरी मिळाली आहे. फोन येतो, कधी बुधवारी, कधी दहा-बारा दिवस येतही नाही. ओढ तशीच आहे, ती काही कमी झालेली नाही. फक्त मागणं बदललं. पूर्वी म्हणायचे, प्रभू, माझ्यासाठी तिला सांभाळ. आता म्हणते, प्रभू, ती तुझी आहे, तिला सांभाळ आणि मलाही. हे म्हणून झालं की मी बराच वेळ तिथेच बसते, आणि मग उठल्यावर फोन कुठे ठेवलाय ते घरभर शोधावं लागतं.