पंचवीस किलोचे सर

बीडमध्ये एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आम्ही वेब प्रोग्रॅमिंग करत होतो. म्हणजे मी करत होतो आणि क्लासचे मालक, आमचे सर, त्यात सुधारणा करत होते.

पाली गावातल्या शेळीपालकांच्या गटासाठी आम्ही एक पान बनवलं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर जनावर चढवा, वजन ब्राउझरमध्ये बघा. काटा प्रत्येक वजन दोन बाइटांत, म्हणजे दोन भागांत, धाडायचा; दोन्ही जोडले की आकडा. ब्राउझरला मात्र हा माल तुकड्यातुकड्यांनी, एकेका बफरमध्ये मिळे आणि तुकडा कुठं तुटेल याचा नेम नसे. कधी वजनाचा एक बाइट या बफरच्या शेपटाला, दुसरा पुढच्याच्या तोंडाशी. उरलेला बाइट जपून पुढच्या तुकड्याला जोडू, असं मी सुचवलं. सरांना ते गबाळं वाटलं. त्यांच्या क्लासात घंटा झाली की गणित अर्धं असलं तरी फळा पुसतात आणि नवी बॅच कोऱ्या फळ्यावर सुरू होते. हाच थोर नियम त्यांनी कोडमध्ये घातला. उरलेला बाइट पुसून टाकला.

पान घेऊन आम्ही पालीला गेलो, त्या दिवशी गट पैदाशीसाठी सगळ्यात वजनदार असा एकच बोकड ठेवणार होता. बाकीचे बाजारात. एका धनगर मावशींना त्यांच्या बोकडानेच काट्यापर्यंत ओढत आणलं. नेमका तेव्हा तुकडा वजनाच्या मधोमध तुटला. एका आकड्याचं डोकं पुसलं गेलं, उरलेलं शेपूट पुढच्या आकड्याच्या डोक्याला चिकटलं आणि पडद्यावर उमटलं, पंचवीस पॉइंट आठ.

"ह्यो पंचवीस किलोचा?" मावशी म्हणाल्या. "सायेब, जरा उचलून दावा की."

सरांनी उचलला नाही. मशीन कुणाचं सोयरं नसतं, असं व्याख्यान मात्र दिलं. मी अत्यंत नम्र चेहऱ्याने सुचवलं, की सरांनीच काट्यावर उभं राहून लोकांची शंका फेडावी. सर पोट सावरत चढले. पंचवीस पॉइंट नऊ.

मावशींनी त्यांना नीट न्याहाळलं. "बोकडापरीस जरासं भारी हाईत."

मग मी लिंबाखाली लॅपटॉप घेऊन बसलो. नवा बफर केला. त्यात आधी उरलेला बाइट, मागून ताजा तुकडा, आणि मगच दोन-दोन करून वाचायचं. बोकड पुन्हा चढला. एक्कावन्न पॉइंट तीन. त्याच्या वरचा आकडा दुसऱ्या कुठल्याच बोकडाचा नव्हता.

मघाशी जनावर हललं होतं, असं सर जो भेटेल त्याला समजावत होते.

"आन तुमी?" कुणीतरी विचारलं.

मावशींनी उत्तराची वाट पाहिली नाही. बाजाराच्या टेम्पोकडे पाठ फिरवून बोकड त्यांना घराकडे ओढत निघाला होता.