लिटरभर डिझेल

निरोप आला तेव्हा मी जळगावच्या ऑफिसात चहाची वाट पाहत होतो. धुळ्याहून ट्रंककॉल. भाऊंच्या शेजाऱ्यांचा आवाज, "भाऊ गेले." मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि आलेला चहा प्यायलो... त्याला दीड महिना झाला. अजून नीट रडू आलेलं नाही. एसटीत बसलो की किलोमीटरचे दगड तेवढे मोजत राहतो. ही सवय भाऊंनीच लावलेली.

भाऊ माझे थोरले बंधू. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि देवपुरातच राहिले. वहिनींच्या पाठीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी एसटी बंद केली. तिकडे एदलाबादला त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. लेक दिसली की दोन घास जास्त जेवायची. पेट्रोल तर असं महागलेलं की गाडी घेणं एक वेळ जमेल, चालवणं नाही. भाऊंनी ठरवलं, जुनी चालेल, पण डिझेलची हवी, आणि लिटरला पंधरा किलोमीटर तरी जायला हवी. त्याखाली गेली तर वहिनींचं दरमहा माहेर होणार नव्हतं.

गाड्या पाहायला मी जळगावहून जायचो. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं. मला सायकलसुद्धा बेताची येते. विकणारा प्रत्येक जण "अठरा देते" म्हणायचा. भाऊ म्हणायचे, "म्हणू दे. आपण मोजू." शेवटची गाडी एका मारवाडी कापड दुकानदाराची. मूळ पेट्रोलची, आत डिझेल इंजिन बसवलेलं. भाऊंनी इंजिनाची नळी टाकीतून काढून एका काचेच्या बाटलीत सोडली. बाटलीवर लिटरची खूण पांढऱ्या रंगाने केलेली, तिथपर्यंत डिझेल. बाटली माझ्या मांडीवर. "गाडी येत नाही, निदान बाटली तरी सरळ धर," ते म्हणाले. पदवीधर माणसाला मिळालेलं हे सर्वांत जबाबदारीचं काम. मागे वहिनी, पाठीला उशी लावून.

आग्रा रोडने निघालो. बारा... तेरा... पंधरावा दगड दिसेना, तेव्हा मागून आवाज आला, "भावजी, आहे ना हो अजून?" तळाशी बोटभर होतं. पंधरा गेला. सोळा ओलांडून गाडीने आचके दिले आणि ती थांबली. सोनगीरचा किल्ला समोर दिसत होता. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

मी ऐटीत म्हणालो, आता सोबत आणलेल्या डब्यातलं डिझेल ओता, निघू. ओतलं. गाडी सुरूच होईना. भाऊ पेट्रोलची स्कूटर चालवणारे, मी त्यांच्या मागे बसणारा. संपलं की ओतायचं आणि किक मारायची, एवढंच आमचं शास्त्र. तासाभराने शेजारच्या शेतातून एक आबा आले. "भाऊ, बठ्ठं डिझेल सरी गयं का? पाइपमा हवा भरायनी शे." डिझेल सगळं संपलं की पाइपात हवा शिरते, हे त्यांना ठाऊक; त्यांच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं. त्यांनी पान्याने एक स्क्रू सैल केला, फेस येऊ दिला, स्वच्छ धार आल्यावर घट्ट केला. गाडी सुरू झाली.

"मास्तर शेत का?" त्यांनी भाऊंना विचारलं.

"हो, गणिताचा."

"मंग बराबर."

परतीच्या वाटेवर भाऊ देवपूर येईपर्यंत हसत होते. गाडी घेतली. वहिनी दर महिन्याला एदलाबादला जाऊ लागल्या. भरलेली बाटली मात्र कायम डिकीत असायची. "पुन्हा कोरडी होऊ द्यायची नाही," भाऊ म्हणायचे.

गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक गाडी पाहायला आलं. "काय देते?" मी "सोळा" म्हणालो. "सगळे अठरा सांगतात, तुम्ही सोळाच?" तो म्हणाला. मी डिकी उघडली. बाटली तिथे होती, वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात, खुणेपर्यंत भरलेली. मी ती हातात धरून उभा राहिलो. वहिनी ओट्यावरून म्हणाल्या, "राहू द्या, भावजी. विकायची नाही. आई वाट बघत असेल... तुम्ही शिका."

म्हणून या वयात मी रविवारी धुळ्याला येऊन गाडी शिकतो. शिकवणारा ड्रायव्हर मागच्या सीटवरून ओरडतो, "साहेब, दोन्ही हात स्टिअरिंगवर." ऐकतो मी त्याचं. पण शेजारच्या सीटवर बाटली ठेवलेली असते, आणि खड्डा आला की डावा हात आपोआप तिला सरळ धरायला जातो.