बकरीची अर्धी कॅसेट

नागपुरात भर मे महिन्यात आपणहून कूलर बंद करणारा इसम एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. कारण एवढंच, की त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये प्रोग्राम चढवायचा असतो. हा कॉम्प्युटर टीव्हीला जोडून चालतो, त्याला डिस्क-बिस्क ठाऊक नाही. टेपरेकॉर्डरवरची कॅसेट ऐकूनच तो सगळं शिकायचा. टेपरेकॉर्डरनं केव्हाच राम म्हटला. मग साडूभाऊंनी साऱ्या कॅसेटी मोबाइलमध्ये उतरवल्या, आणि आता वायर लावली की मोबाइलच कॅसेटचं सोंग घेतो. आधी लांब शिट्टी, मग तव्यावर चमचा घासावा तशी किरकिर. ती आम्ही दातओठ खात ऐकायची आणि त्यांनी डोळे मिटून मान डोलवायची. मध्येच व्होल्टेज हललं की मुसळ केरात, म्हणून कूलर बंद, मिक्सर बंद, फ्रिजसुद्धा बंद. एकदा पोहे खायला येता का, हे विचारायला माझ्या बायकोनं ऐन किरकिरीत त्याच मोबाइलवर फोन केला, तर बिचारीशी ते दिवाळीपर्यंत धड बोलले नाहीत. "आता एका सेकंदात चढवणारं यंत्र मिळते म्हणे," मी घाम पुसत सुचवलं. साडूभाऊ म्हणाले, "काहून घाई करून राहिला गा? भात शिजू दे न!"

या साऱ्या खटाटोपामागं एक अर्धी कॅसेट आहे. साडूभाऊ तेव्हा वीजकेंद्रात नोकरीला, राहायला तिथल्याच कॉलनीत. त्यांच्या शाळकरी लेकीनं सुट्टीभर बसून एक खेळ लिहिला: बागेत बकरी शिरते, तिला हाकलायचं. तो कॅसेटवर उतरवत असतानाच लाइट गेली. वीजकेंद्राच्या कॉलनीत! आणि ड्यूटीवर साडूभाऊ. ते घरी येताच पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्हीच घालवली." पुन्हा तिनं कॉम्प्युटरला हात लावला नाही, आणि साडूभाऊंनी त्यावर धूळ बसू दिली नाही. उरलेला अर्धा खेळ ते अजून चढवतात. बकरी येते, सगळी झाडं फस्त करते. हाकलणारा माणूस कॅसेटवर आलाच नाही. "कोणाकडून पुरा करून घ्या न," त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे माझ्या बायकोच्या ताई, म्हणायच्या. साडूभाऊ म्हणायचे, "तिचा हाय तो. लाइट मी घालवली, आता खेळ बी घालवू काय?"

यंदा उन्हाळ्यात लेक पुण्याहून आली. दुपारी ती बेफाम बकरी पाहून आधी पोट धरून हसली, मग कीबोर्ड पुढ्यात ओढून बसली. खेळ पुरा झाला. आता कॉम्प्युटरनं किरकिरायचं आणि मोबाइलनं ऐकून ठेवायचं होतं. साडूभाऊ उठले ते थेट व्हरांड्यात, आणि मीटरच्या बोर्डाला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभे राहिले. "अहो, आत या न, पोरगी बोलावते," ताई म्हणाल्या. "तिचं होऊ दे वं आधी." घामानं सदरा भिजला, पण गडी हलला नाही.

झालं एकदाचं. मोबाइलमधून खेळ परत चढवला. बकरी आली, आणि तिच्यामागं पिवळ्या टोपीचा एक इवलासा माणूस धावला.

"हा कोण?" मी विचारलं.

"बाबा न! ड्यूटीवरची टोपी आहे ती," लेक म्हणाली. "पहिल्यापासून तेच होते."

साडूभाऊ कूलर लावायचं निमित्त करून खिडकीशी गेले आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून राहिले.

लेक पुण्याला परतली. परवा गेलो, तर कूलर बंद, किरकिर चालू. खेळ चढला. बकरी पाला खाऊ लागली, आणि साडूभाऊ हाकलायच्या बटणावर बोट ठेवून नुसते बघत बसलेले.

"हाकला न तिले," मी म्हणालो.

"खाऊ दे गा थोडं. हाकललं की खेळ संपते, अन् मंग घर सुनं सुनं लागते."