आईसाठी आणलेला चहा

माझी आई जाण्याआधी सव्वा वर्ष वाईट चहा प्यायली. तो मी आणत होते, मी करत होते आणि मीच तिच्या हातात देत होते. भावाला हे नीट सांगायला गेले तेव्हा आई राहिली नव्हती.

आई मालवणकडची. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली ती शेवटपर्यंत त्याच खोलीत राहिली. वडील गिरणीत होते आणि आई घरात खानावळ चालवायची. दहा-बारा माणसं दोन वेळा जेवायला असत. पहिल्या पाळीला जाणाऱ्यांना निघण्याआधी चहा लागायचा. तो फिका झाला तर माणूस गिरणीत साच्यापुढे, मागापुढे उभ्या उभ्या झोपेल, असं ती म्हणायची. चहा काळाभोर हवा आणि दूध घातल्यावर विटकरी व्हायला हवा. पांढरट चहाला ती चहाच म्हणत नसे.

चहा घ्यायला ती दादरला जायची, सुट्या चहाच्या एका जुन्या दुकानात. मी दहा-अकरा वर्षांची झाल्यावर मलाही न्यायला लागली. दुकानात पत्र्याचे मोठे डबे ओळीने असत. शेठ एकेका डब्यातला चिमूटभर चहा तिच्या तळहातावर टाकायचा. आई आधी उजेडात दाणा बघायची. तांबूस काड्या दिसल्या की हात झटकायची. दाणा पसंत पडला तर मूठ वळून तिच्यात तोंडाची वाफ सोडायची, थोडं थांबायची आणि मग मूठ नाकाशी उघडायची. एवढं झाल्यावर तीच मूठ माझ्या नाकाखाली धरून विचारायची, "काय वास येता?" मी काहीतरी सांगायची. चुकलं तर ती पुढच्या डब्याकडे बोट करायची.

"रंग भुकटीन येता," ती म्हणायची. "पण वास मोठ्या दाण्याचो. कडू आणि कडक येक नाय, ह्या ध्यानात ठेव."

पुढे तिचे गुडघे गेले आणि चहा मी एकटी आणायला लागले. मोठा दाणा दोन भाग, बारीक दाणा एक भाग आणि रंगापुरती भुकटी. शेठनंतर त्याचा मुलगा गल्ल्यावर बसला. तो मला डबे उघडून द्यायचा आणि मी पसंत करेपर्यंत गप्प उभा राहायचा. चाळीतल्या चार घरांचा चहा मीच आणायची. परळच्या एका शाळेच्या ऑफिसात माझी नोकरी, तिथे मला कुणी काही विचारत नसे. चहाच्या बाबतीत मात्र विचारत. माझं लग्न झालं नाही. आई आणि मी, दोघीच राहत होतो. धाकटा भाऊ बायको-मुलांसह ठाण्याला राहायचा आणि महिन्यातून एका रविवारी यायचा.

मग चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. खोलीची भाडेपावती वडिलांनंतर आईच्या नावावर होती. एका संध्याकाळी कामावरून येताना खालच्या बोर्डावर भाडेकरूंची नवी यादी लावलेली दिसली. आमच्या खोलीपुढे भावाचं नाव होतं. आई त्याच्याबरोबर जाऊन सही करून आली होती. माझ्याशी दोघांपैकी कुणीही एक शब्द बोललं नव्हतं.

वर आल्यावर मी विचारलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या मागसून कोण आसा? त्येका पोरां आसत. तो तुका रस्त्यार टाकूचो नाय."

"आणि टाकलं तर?"

"भाव आसा तो तुझो."

त्या दिवशी मी तिला बरंच बोलले. तीस वर्षं तुझं मी करते आहे, हेही काढलं. ते बोलायला नको होतं, पण खोटं नव्हतं. त्यानंतर आमच्यात कामापुरतं बोलणं उरलं. गोळी घेतलीस का, नळ आला का, एवढंच.

करोनाच्या साथीच्या दुसऱ्या लाटेत मला ताप आला. पंधरा दिवस पालिकेच्या केंद्रात होते. तोवर आई भावाकडे राहिली. मी घरी आल्यावर तीही परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवलं, पावडर घातली, उकळी आली, आणि मला काहीच वास आला नाही. पातेल्यावर वाकून बघितलं तर नुसती वाफ चेहऱ्याला लागली. हिंगाची डबी उघडली. खोबरेल तेल हुंगलं. काही नाही. जिभेला गोड, खारट, कडू एवढंच कळत होतं.

महिन्याभरात वास परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. बाकीच्यांचा आलाही. माझा आला नाही.

हे मी आईला सांगितलं नाही. आधी वाटलं, येईलच, कशाला सांगा. मग वाटलं, हिला सांगितलं की रविवारी भावाला कळणार आणि तो म्हणणार, ताईला गॅसचा वास कळत नाही, आईला तिच्याजवळ ठेवायचं कसं? खोली त्याची झालीच होती. आता आईही तोच नेईल, अशी मला भीती होती. आणि खरं सांगायचं तर तिच्याशी स्वतःबद्दल काही बोलायची माझी इच्छाच उरली नव्हती.

घरातला जुना चहा संपल्यावर मी दादरला गेले. शेठच्या मुलाने डबे उघडले. मी दाणा बघितला, मूठ वळली, वाफ सोडली, मूठ नाकाशी नेली. सगळं नेहमीसारखं केलं. कळलं काहीच नाही. मग दोन दाणे जिभेवर टाकून चावले. जो जास्त कडू लागला तो काढायला सांगितला. तो शेवटच्या डब्यातला होता, निव्वळ भुकटी.

"ताई, हा टपरीवाले नेतात," तो म्हणाला. "दिवसभर उकळायला. तुमच्या घरी नाही चालायचा. तुमचा नेहमीचा बांधू?"

"मला शिकवू नका," मी म्हणाले. दुकानात आणखी दोघी होत्या. त्यांच्यादेखत तो मला चहा समजावतोय, हे मला सहन झालं नाही.

शेजाऱ्यांना मात्र मी सांगितलं, आता मला दादरला जायला जमत नाही, तुमचा तुम्ही आणा. म्हणजे आपल्याला वास कळत नाही, याची मला पुरती जाणीव होती. चार घरांचं नुकसान होऊ दिलं नाही. आपल्या घराचा विचार केला नाही.

नव्या चहाचा पहिला घोट घेऊन आईने कप खाली ठेवला. "दुकान बदललंस?"

"नाही."

"मगे ह्या काय आणलंस?"

"नेहमीचंच आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. मग कप उचलला आणि हळूहळू सगळा संपवला. त्यानंतर तिने चहाबद्दल कधी विचारलं नाही. दर महिन्याला मी जास्त कडू लागेल तो चहा आणत गेले, कारण मला कळण्यासारखं तेवढंच होतं. आई आता अर्धा कप ठेवायला लागली. भूक कमी झाली असेल, असं मी धरून चालले.

एकदा सांगायची वेळ आली होती. दूध उतू जाऊन करपलं आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून भाजी चिरत होते. आई काठी टेकत आत आली, गॅस बंद केला. "येवढो वास सुटलो, तुका कळूक नाय?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणाले, "लक्ष नव्हतं."

"खय आसता तुझा लक्ष," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

पावसाळा संपता संपता आई गेली. चार दिवस हॉस्पिटलात होती, शेवटचे दोन बेशुद्धच. तेराव्याचे पाहुणे गेल्यावर भाऊ आणि मी खोलीत दोघेच होतो. मी त्याच्यासाठी चहा केला. त्याने एक घोट घेतला आणि कप माझ्याकडे सरकवला.

"हाच द्यायचीस ना तिला?"

"म्हणजे?"

"आईने मला सांगितलं होतं, ताई. म्हणाली, खोलीच्या रागाने ती मला टपरीचा चहा पाजते. मी दर महिन्याला तिला चांगल्या चहाचा पुडा आणून द्यायचो. तुला कळू नये म्हणून शेजारी ठेवायला सांगायची. शेवटी शेवटी म्हाताऱ्या माणसाला धड चहा तरी द्यायचा होतास."

मी त्याला सगळं सांगितलं. ताप, नाक, डॉक्टर, दुकान. त्याने ऐकून घेतलं.

"मग तेव्हा सांगायचं होतंस," तो म्हणाला. "आता काहीही सांगता येतं."

बॅग उचलून तो निघाला. दारात थांबून म्हणाला, खोली रिकामी करायची नोटीस दोन महिन्यांत येईल, तोवर तुझं बघून ठेव.

मी नायगावला एक भाड्याची खोली बघितली. सामान बांधायला घेतलं त्या आठवड्यात शेजारच्या काकू जुनी चहाची बरणी घेऊन आल्या. अर्धी भरलेली होती. "तुझ्या आईची," म्हणाल्या. "चार वाजता यायची रोज माझ्याकडे. तू कामावर असायचीस."

मला वाटायचं, माझं तोंड बघायला नको म्हणून ती संध्याकाळी शेजारी जाऊन बसते. मी येईपर्यंत परतायची नाही.

"माझ्याबद्दल काय म्हणायची?" मी विचारलं.

काकू सांगायला तयार नव्हत्या. मी पुन्हा विचारलं तेव्हा पदराशी चाळा करत म्हणाल्या, "वाईट नाही गं बोलायची कधी. म्हणायची, माझी मुलगी वाईट नाही. रागावली आहे. राग उतरला की चांगला चहा आणील."

सव्वा वर्ष ती त्याची वाट बघत होती तर. दररोज सकाळी तो कप उचलून, आज राग उतरला का, हे बघत होती.

"मी मुद्दाम नव्हते आणत, काकू," मी म्हणाले. "मला वास येत नव्हता."

"हो का," काकू म्हणाल्या. त्यांना ते पटलं की नाही, मला कळलं नाही.

"पण राग होता," मी म्हणाले.

त्यांनी बरणी खाटेवर ठेवली. मग त्या आपल्या घरी गेल्या.