स्प्रिंगांवरचा रुपेरी रंग

मी गुडघ्यांवर बसून स्क्रूड्रायव्हरने स्प्रिंग खरवडत होतो आणि शेजारी उभे राहून रघुवीरबाब कळवळत होते, "सायब, रंग जातलो तो. चवथीकच मारललो."

रंग जावा म्हणूनच मी खरवडत होतो.

डिचोलीच्या एका खाणीवर माझी सगळी नोकरी मशिनरी इन्स्पेक्शनमध्ये गेली. रिटायर झालेल्या इन्स्पेक्टरला लोक कशासाठीही बोलावतात. रघुवीरबाबांचं मांद्र्याला गेस्ट हाऊस आहे. परसात ट्रॅम्पोलिन. लोखंडी गोल फ्रेम, मधे ताणलेलं जाड कापड आणि कापड फ्रेमला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा. मुलं कापडावर उड्या मारतात, पण त्यांचं वजन पेलतात त्या स्प्रिंगा. शनिवारी रघुवीरबाबांच्या नातीचा, चिन्मयीचा वाढदिवस होता. तिचा सगळा वर्ग येणार होता. एका आईने फोन करून "सेफ आहे ना?" विचारलं, म्हणून मला बोलावणं.

"सर्टिफिकेट आसा आमच्याकडे," रघुवीरबाब म्हणाले. "तुमी फक्त खाली एक सय करा."

सर्टिफिकेट रिसेप्शनच्या भिंतीवर, लॅमिनेट करून. कुणा इंजिनिअरची सही, गोल शिक्का.

"हा माणूस येऊन बघून गेला?"

"ना. आमी फोटो धाडले. बरो मनीस. चाय पिवक सुद्धा येवंक नाय."

माझं टाळकं तिथेच सरकलं. फोटोत गंज दिसत नाही. त्यातून आपल्याकडे चवथ आली की घर, गेट, तुळशीवृंदावन, सगळ्याला रंग लागतो. गणपतीच्या उत्साहात ट्रॅम्पोलिनलाही रुपेरी हात मारला होता, आणि तोही गंज न काढता. समुद्र पाच मिनिटांवर. खारी हवा स्प्रिंग खाते आणि वरचा रंग ते झाकून ठेवतो. मी खरवडलं तसा रंगाबरोबर लोखंडाचा पापुद्रा निघाला. कापडाची शिवण नखाने ओढली, तर उन्हाने कुजलेला दोरा हातात आला.

मुलं बाहेर पडू नयेत म्हणून कडेने जाळी असते. मूळची फाटली म्हणून रघुवीरबाबांच्या धाकट्या भावाने मासेमारीचं जुनं जाळं बांधलं होतं.

"ह्या जाळ्यातसून इसवणासारखो मासो सुटत नाय," रघुवीरबाब अभिमानाने म्हणाले, "पोरगां खंय पडतलां?"

मी माझा हात त्या भोकातून कोपरापर्यंत घातला. "मूल उडी मारून खाली येतंय आणि हात इथे अडकलाय. मग काय होईल?"

त्यांना पटलं नव्हतं. मी वाळूचं पोतं मागवलं. टेस्ट करताना माणूस चढवायचा नसतो. आम्ही दोघांनी पोतं खांद्याच्या उंचीवरून मधोमध टाकलं. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा खाडकन आवाज आला आणि स्प्रिंगेचा तुकडा स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर ठेवलेल्या प्लास्टिकच्या बादलीतून आरपार गेला. पाणी भसाभसा वाहायला लागलं. रघुवीरबाब बादलीकडे बघत राहिले. भोक साधारण चिन्मयीच्या छातीच्या उंचीवर होतं.

"काढा हे," मी म्हटलं. तासाभरात त्यांनी सगळं उतरवलं. वाढदिवसाला मुलं समुद्रावर गेली. मीही चहा पिऊन, स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

तीन आठवड्यांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रघुवीरबाब भेटले. ट्रॅम्पोलिनचं काय केलंत, मी सहज विचारलं.

"तां कोरगावाक गेलां. चुलत भावान न्हेलां. इतक्यां मोठां लोखंड, फुकट खंय टाकतलंव?"

"स्प्रिंगा बदलल्या?"

"मोडललीच्या जाग्यार एक घातली. रंग मारलो."

"आणि सर्टिफिकेट?"

"ता पण दिलां. आमकां आता कित्याक?"

मी भाजीची पिशवी त्यांच्याच हातात देऊन घरी गेलो, हॅक्सॉ घेतला आणि स्कूटरने थेट कोरगाव गाठलं. काजूच्या झाडाखाली चार मुलं त्यावर उड्या मारत होती. आधी मी त्यांना उतरवलं, मग करवत चालवली. चुलत भाऊ घरातून ते लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट नाचवत आला. "हांगा बघा, सय आसा!" मी कापतच राहिलो. बादलीची गोष्ट ऐकल्यावर त्याने दुसऱ्या टोकाने फ्रेम धरली.

राग मला त्या शिक्केवाल्याचा आला, रंगाचा आला, पण खरा आला तो माझाच. खाणीवर वायर रोप, म्हणजे पोलादी तारांचा दोर, बाद ठरवला की आम्ही तो तिथल्या तिथे गॅस कटरने तोडायचो, कारण अख्खी वस्तू कुणीतरी उचलून पुन्हा वापरतोच. सगळी नोकरी हेच केलं आणि मांद्र्याला मात्र "काढा" म्हणून चहा पिऊन घरी आलो. आता बाद वस्तू माझ्यासमोर तुटल्याशिवाय मी चहाला हात लावत नाही.