मोहाची म्हणजे दारू नव्हे

मी पांढरकवड्याला हायवेच्या कडेला वाढले. अब्बांचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही, पण तिची नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. ड्रायव्हर लोक पाव बाटलीला पव्वा म्हणत, अर्धीला अद्धा, आणि उभी पुरी बाटली म्हणजे खंबा. एकदा मी घरात ‘खंबा’ म्हणाले, तर अम्मीनं पाठीत असा धपाटा घातला की बस.

पुढे मी नर्स झाले. मागच्या वर्षी आमच्या वॉर्डात पाय मोडलेले एक म्हातारे बाबा आले, जंगलाकडच्या पोडावरचे, म्हणजे आदिवासी पाड्यावरचे. पुण्याहून नवे आलेले डॉक्टर म्हणाले, “दारू पिता का?”

“नाही साहेब.”

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचे हात थरथरायला लागले. अंग घामानं भिजलं. चादरीवर नसलेल्या मुंग्या ते वेचू लागले. डोक्याला मार असेल, नागपूरला पाठवू, असं डॉक्टर म्हणाले. मला वेगळीच शंका आली. मी खाटेशी बसले.

“बाबाजी, मोहाची घेता का?”

“घेतो न बाई.”

“मंग काल साहेबाले नाही काहून म्हटलं?”

“त्याईनं दारू इचारली. दारू म्हंजे दुकानातली. आपली त मोहाची हाय.”

“पहिल्या धारेची?”

तशातही बाबा हसले. “मंग काय! सकाळी दोन गिलास, सांजच्याले तीन.”

मी धावत डॉक्टरांकडे गेले. रोजची अचानक तुटली होती, त्याचाच हा त्रास. लगेच औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी बाबांनी चहाचा कप स्वतःच्या हातानं धरला, एक थेंबही न सांडता.

डॉक्टर मोठ्या मनाचे. सगळ्यांसमोर म्हणाले, “सिस्टर, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या धारेची म्हणजे काय?”

“भट्टीतून सुरुवातीला गळते ती. सगळ्यात कडक.”

त्यांनी वही काढली. पव्वा, अद्धा, खंबा, गावठी, हातभट्टी, मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले. नर्सिंगच्या कॉलेजात माझ्या ‘मले-तुले’ला मुली हसायच्या. त्या दिवशी मात्र माझी मान ताठ होती.

आता नव्या नर्सेसना हे शब्द मीच शिकवते. परवा एकीनं भीतभीत विचारलं, “मॅडम, तुम्ही पण घेता का?”

“नाही बाई,” मी म्हणाले, “पण पेशंट काय म्हणून राह्यला, ते मले समजते.”