दुष्काळातली ओली गाय

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. कुणी सांगायला लागलं की मी उठून कामाला लागायची. चौथीपर्यंतच शिकले, पण डोकं जागेवर आहे. तरी हे लिहितेय, कारण हे ऐकीव नाही…

बहात्तरचा दुष्काळ. मिरजगावच्या बाहेर आमची वस्ती. विहीर कोरडी, प्यायचं पाणी टँकरचं. त्यात सासरे वारले. मेलेला माणूस गाईचं शेपूट धरून वैतरणी नदी पार करतो म्हणतात, म्हणून तेराव्याला भटजींना गाय दान द्यायची. आमची एकच गाय. माझं दूध आटलेलं, तान्हा मुलगा तिच्याच दुधावर जगत होता.

भटजींनी शेपटीवर पाणी सोडून दान घेतलं आणि म्हणाले, "मला पावलं. पण चारा कुठून आणू? गाय तुमच्याच दावणीला राहू द्या."

आमचे मालक खूश झाले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "दिलेली गाय घरात ठेवत न्हाईत, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढायला गेले, तर गाय पोटापर्यंत भिजलेली! शेपटीतून पाणी गळतंय, अंग थरथरतंय… आणि दुधाचा थेंब नाही. गोठ्याची कडी लावलेली तशीच. मग रोज तेच. साखरपाण्यावर पोर किती तग धरणार? त्याचा रडायचा आवाजसुद्धा बसला.

शेजारची सखू भांडायला आली. "आमाला प्यायला न्हाई, अन् तुमी गाई धुताय व्हय? कुठं दडवलंय पानी?"

"तूच हुडक, अन् मलाबी दाव," मी म्हणाले.

एक रात्र मालक गोठ्यातच झोपले. सकाळी ते कोरडे, गाय ओली. "डोळा लागला हुता," एवढंच बोलले.

"गाय भटजीकडं बांधून या," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांना वैतरणी पार हुता येईना."

"अन् पोराला काय पाजू, आत्याबाई?"

माझं टाळकं फिरलं. सासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. गोठ्यात गेले, ती ओली शेपटी मुठीत धरली आणि मोठ्यानं म्हणाले, "मामंजी, तुमचा नातू उपाशी हाय. काठ दिसत असंल तर पुढं जावा, न्हाईतर मागं फिरा. पर गाय सोडा!"

शेपटी एकदम जड झाली - कुणीतरी खालून लोंबकळल्यासारखी. मग सैल पडली.

दुसऱ्या दिवशी गाय कोरडी होती. शेपटीच्या गोंड्याचे केस मात्र मुठीनं उपटल्यासारखे गेलेले.

मालक म्हणायचे, दव पडत असेल. त्या दुष्काळात, बंद गोठ्यात, दव! सासूबाई मरेपर्यंत मला विचारत राहिल्या, "पार झाले का गं… का बुडाले?"

मला ठाऊक नव्हतं, आजही नाही. त्या सकाळी गाईनं दूध दिलं, आणि मी ते पोराला पाजलं.